बदली अज्जा

रेसिडेन्सी शंभूविलास,
नजरबाद, म्हैसूर
६ जानेवारी २०२५

सिंधू,

कागदाच्या डोक्यावर हॉटेलचं नाव बघून घाबरू नकोस. तब्येत ठणठणीत आहे आणि भांडणही झालेलं नाही. सुयशने माझी उतरायची सोय इथे केली आहे, ती माझ्या मानासाठी. घ्यायला स्वतः आला होता. भर रस्त्यात पाया पडला, गाडीत बसवलं आणि म्हणाला, "बाबा, तुम्हाला आवडेल अशीच जागा बघितलीय." मला वाटलं, फ्लॅट बदलला की काय. गाडी थांबली ती या दारात.

याला बुटीक हॉटेल म्हणतात. म्हणजे खोल्या कमी आणि उशा जास्त. खोल्या सहाच आहेत, प्रत्येकीला फौजेतला हुद्दा दिलाय. मी हवालदारमध्ये आहे. छताला साहेबाच्या काळातला झालरीचा पंखा, त्याची दोरी खाली सोडलेली. ओढली तर काहीही होत नाही. खरा एसी एका लाकडी पेटीत लपवलाय, वारा तिथून येतो. शेजारच्या खोलीतले अहमदाबादचे गृहस्थ मात्र दिवसभर दोरी ओढतात आणि बायकोला विचारतात, गार वाटतंय का?

दारातच मोबाइल काढून घेतात आणि तांब्याच्या हंड्यात टाकतात. जुन्या काळाचा अनुभव म्हणे. बदल्यात दौत, टाक आणि हे जाड कागद मिळतात. मागितला तर फोन परत देतात, पण मी मागितलेला नाही.

एक वाईट बातमी. माझी बॅग ट्रॅव्हल्सच्या गाडीतच राहिली. जन्मभर बार्शी स्टँडवर बसून "प्रवाशांनी आपले सामान तपासून घ्यावे" असं माइकवरून ओरडलो, आणि माझीच बॅग गेली पुढे कोइमतूरला. एसटीत असं झालं नसतं. खोलीत खुंटीवर पाहुण्यांना फोटोसाठी ठेवलेलं धोतर, काळा लांब कोट आणि जरीचा म्हैसुरी पेटा, म्हणजे फेटाच, आहे. सध्या तेच घालून बसलोय. हसू नकोस.

तू ज्या कामाला पाठवलंस ते लक्षात आहे. आपण दोघांनी बार्शीचं घर आवरून कायमचं सुयशकडे यावं का, हे त्याला विचारायचं. विचारतो. उतरल्या उतरल्या कसं विचारायचं? आणि गुंजन ऑफिसात होती. सुनेच्या माघारी असा विषय काढणं बरं दिसत नाही.

विश्राम


बार्शी
१२ जानेवारी

अहो,

लग्नानंतर तुमचं हे पहिलं पत्र. फोनवर 'हं' आणि 'बरं' यापलीकडे तुमची गाडी जात नाही, दौतीने मात्र वाचा फुटली. तो फोन हंड्यातच राहू द्या.

पण मानासाठी हॉटेल, हे काही माझ्या डोक्यात शिरलं नाही. माझ्या भावाने मला आजवर असा मान दिलेला नाही, घरातच सतरंजीवर झोपवतो. मी सुयशला फोन लावला. म्हणाला, "आई, बाबा मजेत आहेत." मी विचारलं, जेवायला तरी घरी येतात ना? तर त्याला एकदम रेंज मिळेना.

असो. मी विचार केला, की घरात रंगकाम काढलं असणार. आपण येणार याचा पोराला वास लागला असेल, म्हणून खोली तयार करत असेल. मग मी तरी मागे का राहू? आवराआवर सुरू केली. पाटा-वरवंटा आज नर्मदाबाईंना देऊन टाकला. त्या रडल्या. म्हणाल्या, शेजार तुटला हो. मग मीही रडले आणि दोघींनी चहा घेतला.

तुम्ही विचारून झाल्यावर लगेच कळवा.

सिंधू

ता. क. धोतर नेसता येतं का तुम्हाला? लग्नात मामांनी नेसवलं होतं आणि सप्तपदीत सुटलं होतं.


रेसिडेन्सी शंभूविलास
१८ जानेवारी

सिंधू,

पाटा-वरवंटा द्यायची एवढी घाई कशाला केलीस? चटणी कशावर वाटणार? आता आणखी काही देऊ नकोस. म्हणजे, सावकाश दे.

इथे एक गंमत झाली आहे. हॉटेलची मालकीण यशस्विनी नावाची मुलगी आहे. ही मंडळी मराठीच, बरं का. यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडदळात होते, तेव्हापासून इथलेच झाले. घरात मराठी बोलतात, पण बोलता बोलता कधी कन्नडच्या रुळावर जातात ते कळत नाही. तिचा नवरा पुनीत रोज सकाळी जुनं म्हैसूर दाखवायला परगावच्या माणसांचा जथा फिरवतो आणि शेवटी चहाला इथे आणतो.

परवा मी त्या वेषात व्हरांड्यातल्या खुर्चीत बसलो होतो. जथ्यातली दिल्लीची एक बाई पुढे आली आणि एकदम वाकली. आता वाकलेल्या माणसाच्या डोक्यावर आपला हात आपोआप जातो, त्याला मी काय करू? म्हणालो, "औक्षवंत व्हा." झालं! मागे रांग लागली. पुनीत इंग्रजीत बरंच काही बोलला, त्यातलं मला 'ग्रँडफादर' तेवढं कळलं. सगळ्यांचे डोळे भरून आले.

मग यशस्विनी धावत आली. वाटलं, आता कोट काढून घेते. तर म्हणाली, "अज्जा, तुमी फस्ट क्लास केलात! रोज सुम्ने इथे बसा. स्वल्प आशीर्वाद द्या. साकु." अज्जा म्हणजे आजोबा, सुम्ने म्हणजे उगीच, स्वल्प म्हणजे थोडं, साकु म्हणजे पुरे. उगीच बसून थोडे आशीर्वाद देणं! निवृत्त झाल्यापासून मी दुसरं काय करतोय? त्याबद्दल मला हवालदारातून जमादार खोलीत बढती मिळाली आहे.

घराण्याचे खरे अज्जा आहेत शंभूराव, त्यांचंच नाव हॉटेलला दिलंय. ते म्हणे बाहेरगावी असतात. तेव्हा मी आपला बदली ड्रायव्हर. संध्याकाळी 'अज्जांची संध्याकाळ' असा तिकीट लावून कार्यक्रमही करतो. व्हरांड्यात खुर्च्या मांडतात, मी मूळ पुरुष वेंकोजीराव यांच्या गोष्टी सांगतो, पुनीत त्यांचं इंग्रजी करतो. वेंकोजीराव घोड्यावर होते, एवढंच या घरात माहीत आहे. बाकीचं मी भरतो. काल सांगितलं, की वेंकोजीरावांची तुकडी कधी मिनिटभर उशिरा सुटली नाही आणि घोडा नादुरुस्त झाला तर ते स्वाराला मागून येणाऱ्या घोड्यावर बसवून देत. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सुयश रविवारी येऊन गेला. आत आला नाही. आत यायचं तर फोन हंड्यात टाकावा लागतो आणि त्याचं ऑफिसचं काही चालू होतं. गाडीतूनच शर्टांची पिशवी दिली. शर्ट त्याचे आहेत, मला छातीत बसत नाहीत. त्यामुळे विचारायचं राहिलं.

विश्राम


बार्शी
२३ जानेवारी

अहो अज्जा,

परक्यांना आशीर्वाद वाटत सुटलात, आणि पोटच्या पोराला एक प्रश्न विचारायला तुम्हाला मुहूर्त सापडेना! लेकाने रस्त्यावरून पिशवी द्यावी आणि बापाने ती धोतरात उभं राहून घ्यावी, हे मला डोळ्यांसमोर दिसलं आणि मी चुलीवरचं दूध उतू घालवलं. गॅसच आहे आपला, पण राग आला की मला चूलच आठवते.

एक सरळ विचारते. या खेपेला त्याच्या घरी तुम्ही एकदा तरी गेलात का?

इकडची खबर. लोणच्याच्या तिन्ही बरण्या भवानीबाईंना दिल्या. शिलाई मशीन महिला मंडळाला दिली. तुमची बाज उद्या जाणार आहे, माळ्याकडचे लोक गाडा घेऊन येतो म्हणालेत. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, काल शिंकले तर दोनदा ऐकू आली. आता मागे फिरणं नाही. सगळ्या गल्लीला सांगून बसलेय की म्हैसूरला निघालो, लेक डोळ्यांत तेल घालून वाट बघतोय. तेव्हा विचारा एकदाचं.

सिंधू


रेसिडेन्सी शंभूविलास
२९ जानेवारी

सिंधू,

बाज थांबव! माळ्याच्या लोकांना सांग, पाय मोडलाय बाजेचा. काहीही सांग.

खरं लिहितो. या खेपेला सुयशच्या घरी मी गेलेलो नाही. त्याने बोलावलेलंच नाही. मानाबिनाचं मी आपलं माझ्या मनाला सांगितलं आणि मग तुला लिहिलं. पोराच्या गावात बापाने लॉजवर उतरायचं, हे तुला कुठल्या तोंडाने कळवणार होतो? दुसऱ्या खोलीत आता म्हणे त्याचं ऑफिसही आहे, शिवाय ते जागच्या जागी पळायचं मशीन. खोली भरलेली आहे. म्हणजे उत्तर तर मिळालंच की. मग विचारू कशाला? विचारलं नाही तर निदान नाही म्हटल्याचं ऐकावं तरी लागत नाही.

मला फार वाईट वाटतंय, सिंधू. दिवसभर माणसं माझ्या पाया पडतात आणि मला वाटतं, यातलं एक तरी माझं असावं.

त्यात परवा काय झालं ते ऐक. कार्यक्रमाला मागच्या रांगेत एक म्हातारे येऊन बसले. मंकी टोपी, स्वेटर, हातात छत्री. मी शंभूराव म्हणून बोलत होतो आणि ते मान डोलावत होते. संपल्यावर जवळ आले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "लई छान! मी शंभूराव. माझ्यापेक्षा तुमी बरे शंभूराव दिसता."

मला पळून जावंसं वाटलं. त्यांनीच मला खाली बसवलं. सिंधू, ते बाहेरगावी नाहीतच. इथेच मंडी मोहल्ल्यात एका लॉजवर राहतात! म्हणाले, "माजी खोली सुभेदार झाली, हौदु? नात म्हणाली, अज्जा, सीझन हाय, स्वल्प अॅडजस्ट करा. सीझन संपतच नाही, मत्ते मी काय करू?" हौदु म्हणजे हो ना, मत्ते म्हणजे मग. मी विचारलं, मग या खुर्चीत तुम्हीच का नाही बसत? तर म्हणाले, "मला खोटं जमत नाही कनो. मी बेळगोळला फ्याक्टरीत लेथ चालवला. हे घर मी एक्याण्णव साली सिमेंटनं बांदलं. नव्या दारांना पालिश पेपर घासून, भिंतीला चहाचं पाणी मारून नातीनं ते जुनं केलं. आता म्हणते, दोनशे वर्षांचं हाय. मत्ते मी किती वर्षांचा?"

मग आम्ही दोघं रस्त्यापलीकडे कॉफी प्यायला गेलो. लेकाने लॉजवर ठेवलेला एक आणि नातीने लॉजवर ठेवलेला एक. कॉफी चांगली होती.

आणखी एक भानगड झाली आहे. मी एका संध्याकाळी म्हणालो होतो, की वेंकोजीरावांनी म्हातारपणी आपली तलवार तलकाडच्या वाळूत पुरली. तिथे देवळंच्या देवळं वाळूत गेली आहेत, तर तलवार जायला काय हरकत आहे? तर ते पंखा ओढणारे अहमदाबादचे गृहस्थ फावडं विकत घेऊन तलकाडला गेले. तिथल्या लोकांनी हाकलून दिलं. हे परत आले ते माझ्यावर चिडून नाही, तर नेमकी जागा विचारायला. यशस्विनी इतकी खूश झाली, की तिने मला सुभेदार खोली दिली. म्हणजे शंभूरावांची. मी नको म्हणालो. पण गादी चांगली आहे.

विश्राम


बार्शी
३ फेब्रुवारी
(पोस्टकार्ड)

बाज गेली. ट्रंकाही गेल्या. मी सतरंजीवर झोपते. घर भाड्याने द्यायची बोलणी चालू आहेत, माणसं शनिवारी बघायला येतील. उत्तर ठाऊक आहे म्हणून न विचारणारा माणूस बार्शी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसला कसा, याचं मला नवल वाटतं. विचारा.

सिंधू


द्वारा सुयश, विजयनगर, म्हैसूर
१० फेब्रुवारी

सिंधू,

पत्ता वाचलास ना? परत वाच.

तुझं कार्ड आलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तू सतरंजीवर आणि मी सुभेदाराच्या गादीवर. संध्याकाळी पेटा बांधून बाहेर आलो तर तिसऱ्या रांगेत सुयश आणि गुंजन. गुंजनच्या ऑफिसात कोणीतरी म्हणालं होतं, की इथले अज्जा फार छान बोलतात, एकदा ऐकाच. त्यांना कल्पनाच नव्हती कोण अज्जा ते. दाराशी सुयश अडला होता, फोन द्यायला तयार नव्हता. गुंजनने त्याच्या हातातून काढला आणि हंड्यात टाकला. ठण्ण आवाज झाला, तो मला आतपर्यंत ऐकू आला.

सुयशने मला ओळखलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. मला उठून जाता येईना, सगळी तिकिटं विकली गेली होती. मग गोष्ट सुरू केली, पण त्या दिवशी वेंकोजीराव माझ्या ताब्यात राहिले नाहीत. मी म्हणालो, वेंकोजीरावांचा मुलगा फौजेत मोठा अंमलदार झाला. बाप हौसेने त्याला भेटायला आला. मुलाच्या वाड्यात जागा नव्हती, कारण एका खोलीत तोफ ठेवली होती. तोफ कधी उडत नसे. मुलगा रोज सकाळी तिच्यावर चढून जागच्या जागी पळत असे. म्हणून त्याने बापाला धर्मशाळेत उतरवलं, चांगल्यातल्या चांगल्या. पुनीत इंग्रजी करता करता थांबला, म्हणाला, "अज्जा, तोफेवर पळायचे?" मी म्हटलं, तू सांग तसंच.

तेवढ्यात सुयशने शाळेतल्यासारखा हात वर केला. "मग त्या म्हाताऱ्याने काय केलं?"

मी म्हणालो, काही नाही. त्याला मुलाला एक गोष्ट विचारायची होती, ती त्याने विचारलीच नाही.

"का नाही विचारली?"

सगळे माझ्याकडे बघत होते. शंभूराव मागच्या रांगेत छत्रीवर हनुवटी टेकून बसले होते. आणि मग, काय सांगू तुला, माझा जुना आवाज आला. माइक नव्हता, पण मी नाकावर हात धरला आणि सुरू झालो:

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. बार्शीहून आलेले एक वयस्क गृहस्थ बऱ्याच दिवसांपासून चौकशी कक्षाजवळ थांबलेले आहेत. त्यांच्या नातेवाइकांनी त्यांना ताबडतोब घरी घेऊन जावे."

दोनदा म्हणालो. आपल्या नियमाप्रमाणे.

सुयश उठला, खुर्च्यांमधून वाट काढत आला आणि पुढ्यात बसला. पुनीत हे कुणाला इंग्रजीत सांगत नव्हता, तरी लोक रडत होते. सुयश म्हणाला, "बाबा, गेल्या दिवाळीत तुम्हीच म्हणालात ना, की या कमोडपेक्षा आणि या मशीनच्या धडधडीपेक्षा लॉजवर राहिलेलं परवडलं? म्हणून मी सगळ्या म्हैसुरात हुडकून खाली बसायच्या संडासाचं हॉटेल काढलं." मग मान खाली घालून म्हणाला, "आणि मला सोयीचंही होतं. खोटं कशाला बोलू."

हे शेवटचं तो बोलला म्हणून मी त्याच्याबरोबर आलो. पेट्यासकटच गाडीत बसलो. ते मशीन आता यशस्विनीने नेलंय. चहाचं पाणी मारून व्हरांड्यात ठेवलंय, पाटी अशी की वेंकोजीराव यावर पावसाळ्यात घोड्याला चालवत.

बाकी सगळं ठीक. सुयश म्हणतो, आईलाही आणू कधीतरी. भाडेकरूंना थांबव किंवा नको थांबवू, मला काही सुचत नाही.

विश्राम


रेसिडेन्सी शंभूविलास,
नजरबाद, म्हैसूर
१७ फेब्रुवारी

अहो,

कागदाच्या डोक्यावर हॉटेलचं नाव बघून घाबरू नका.

'कधीतरी' हा शब्द वाचला आणि संध्याकाळच्या गाडीने निघाले. बॅग हातात धरून बसले होते, त्यामुळे ती माझ्याबरोबरच उतरली. तुमच्या फ्लॅटवर येणार नाही. तुम्ही पुरुष माणूस, आरोळी ठोकून लेकाच्या घरात शिरलात. माझ्या जिवाला ते पटत नाही. सून आणायला मी वाजतगाजत गेले होते, आता तिच्या घरी मी काय आगंतुक म्हणून बेल वाजवू?

आधी तुमचं ओझं उतरवते. बाज जागच्या जागी आहे. ट्रंकाही आहेत, शिलाई मशीन आहे, बरण्यांतलं लोणचं परवाच हलवून ठेवलं. पाटा-वरवंटाही घरातच आहे, तो त्यांना दिला असं मी लिहिलंय हे नर्मदाबाईंना कळलं तर त्या मलाच देऊन टाकतील. भाडेकरूबिडेकरू कोणी नाही. तुम्हाला मी काही आज ओळखत नाही. तुमच्या बुडाखालची बाज काढल्याशिवाय तुम्ही उठणार नव्हता, म्हणून कागदावरच काढली. आणि 'यापेक्षा लॉज परवडला' हे तुमचं वाक्य मी पहिल्या दिवाळसणाला माझ्या माहेरी ऐकलंय. माझ्या वडिलांनी काही तुम्हाला लॉजवर पाठवलं नव्हतं. आमचा लेक मात्र साधा, जे ऐकेल ते खरं मानतो. हा तुमच्याकडून आलेला गुण नाही.

आता इथली हकीकत. तुम्ही गेल्यापासून या मुलीचे हाल चालले होते. कार्यक्रमाची तिकिटं विकलेली आणि अज्जा नाहीत. शेवटी तिने खऱ्या शंभूरावांनाच शंभूराव म्हणून बसवून बघितलं. जमलं नाही. लोकांनी विचारलं, हे घर कुठल्या राजाच्या काळातलं? ते म्हणाले, माज्या बोनसच्या काळातलं. दोन माणसांनी पैसे परत मागितले, म्हणाले, हे खरे अज्जा वाटत नाहीत.

मी दारात रिक्षातून उतरले, नऊवारीत. प्रवासात मला तीच बरी पडते. यशस्विनीने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "अज्जी, तुमी स्वल्प बसता का?" प्रवासाने पाय आखडले होते, बसले. आता मी भागीरथीबाई आहे, शंभूरावांची थोरली बहीण. हवालदार खोली दिलीय. पंख्याची दोरी ओढून पाहिली, तुम्ही म्हणता ते खरं आहे.

काल भर कार्यक्रमात मी शंभूरावांना हाक मारली. म्हटलं, "शंभू, छत्री घेऊन लॉजवर कसला राहतोस? ऊठ, आणि आपल्या खोलीत जाऊन झोप. थोरल्या बहिणीचा हुकूम आहे." ते इतके आज्ञाधारक, खरंच उठले आणि सुभेदारमध्ये जाऊन कडी लावून घेतली. लोक टाळ्या वाजवत होते, तेव्हा यशस्विनी तरी काय बोलणार? पोरगी वाईट नाही. मागून माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मी त्यांना कधी जा म्हटलं नाही, अज्जी. राहा, असं म्हणायचं विसरले." मग मी तिला जवळ घेतलं.

म्हैसूरला कायमचं यायचं का, हे मला कोणीच विचारलेलं नाही. तुम्हीही नाही. मी तुम्हाला विचारायला पाठवलं आणि तुम्ही निघालात. हे आमच्या लेकाला वाचून दाखवा. नाकावर हात न धरता.

सिंधू


रेसिडेन्सी शंभूविलास
१८ फेब्रुवारी

आई,

दहावीच्या पेपरानंतर मराठीत पत्र आज पहिल्यांदाच लिहितोय, चुका काढू नकोस. बाबांनी मला तुझं पत्र वाचून दाखवलं. शेवटी त्यांनी कागद गुंजनपुढे सरकवला, मग पुढचं तिने वाचलं.

फोन करणार होतो, पण तुझा फोन हंड्यात आहे म्हणे. आता माझाही आहे. मी खाली व्हरांड्यात तिसऱ्या रांगेत बसून हे लिहितोय. टाकातून शाई फार सांडते.

खोली रिकामी केली आहे. ऑफिस जेवणाच्या टेबलावर आणलं. गुंजन म्हणते, आईंना विचार की खिडकीकडे झोपणार की भिंतीकडे. मी आधी दुसरं विचारतो, जे मी जानेवारीतच दोघांनाही विचारायला हवं होतं. तुम्ही दोघं आमच्याकडे राहायला याल का? कायमचं. कधीतरी नाही.

बार्शीहून आलेल्या बाईंचे नातेवाईक आलेले आहेत.

सुयश


(त्याच कागदाच्या मागे)

बाळा,

विचारलंस, पोचलं. डोळे पुसून लिहितेय, म्हणून अक्षर असं.

कायमची येणार नाही. माझी बाज बार्शीत आहे, लोणचं आहे, नर्मदाबाई आहेत, आणि तुझे वडील तुझ्या कमोडवर जन्म काढणार नाहीत. मला कुठेच यायचं नव्हतं रे. कुणीतरी ये म्हणावं, एवढंच हवं होतं.

पण आलेच आहे तर राहीन. होळीपर्यंत. खिडकीकडे झोपेन.

आत्ता मात्र निघता येत नाही. आजचा कार्यक्रम भरलाय आणि भागीरथीबाई मध्येच उठून गेल्या तर बरं दिसत नाही. तू बस तिथेच. तिकीट काढलंस ना? नसेल तर काढ, आईच्या नावावर फुकट बसायचं नाही. संपलं की हाक मार, मोठ्याने.

आई